अंधारबन : बाबांना घेऊन जायचंय, ओढ्यांचं खरं काय ते सांगा

सई_पुणे (८ जुलै)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. बाबांना अंधारबनला, ताम्हिणीजवळच्या त्या जंगलातल्या ट्रेकला, न्यायचंय. बाबा ६२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, रोज सकाळी पर्वती चढून उतरतात, बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत आहे. तरुणपणी राजगड तोरणा वगैरे भरपूर केलंय त्यांनी, मग आमच्या शाळा, आजीचं आजारपण, घराचे हप्ते असं करत करत पंचवीस वर्षं सॅक माळ्यावरच राहिली. मागच्या आठवड्यात त्यांच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी अंधारबनचा व्हिडिओ टाकला, धुक्यातलं जंगल आणि खाली कुंडलिकेची दरी, आणि तेव्हापासून रोज जेवताना तोच विषय चाललाय. ते तोंडाने म्हणत नाहीत की मला ने, पण परवा माळ्यावरून जुने बूट काढून पुसत बसले होते ते मी पाहिलं.

तर मी, बाबा आणि नाशिकहून भाऊ, असे तिघं जाऊ म्हणतोय. जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार डोक्यात आहे कारण भावाला तेव्हाच सुट्टी मिळतेय. मी स्वतः कळसूबाई, लोहगड, हरिश्चंद्रगड (पाचनईकडून) केलेत, म्हणजे अगदीच नवखी नाही पण पावसाळ्यातलं जंगल कधी केलेलं नाही.

विचारायचं असं की ट्रेक सुरू होतो त्या पिंपरी गावापासून खाली भिऱ्यापर्यंत खरंच किती वेळ लागतो, कारण कुणी पाच तास म्हणतं कुणी आठ. वाटेत ओढे लागतात ते किती आणि ६२ वर्षांच्या माणसाला ते जमतील का. भिऱ्याला उतरावं की वाटेतल्या हिर्डी गावावरून परत फिरावं. आणि ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण. घाई आहे कारण भावाला सुट्टी टाकायची आहे, पण उगाच धीर देण्यासाठी काही सांगू नका, खरं सांगा.

घाटवाटा_७८ (८ जुलै)

सई, आधी बाबांचं कौतुक. माळ्यावरचे बूट काढून पुसणारा माणूस मला लगेच कळतो.

आता वाट सांगतो. पौड, मुळशी करत ताम्हिणीच्या रस्त्याला लागायचं, निव्याला उजवीकडे वळून लोणावळ्याच्या बाजूला जाणारा रस्ता धरायचा की पिंपरी येतं. गावाजवळ छोटा तलाव आहे, तिथून वाट सुरू होते. पुण्यापासून गाडीने दोन-अडीच तास धरा, शनिवारी सकाळी चांदणी चौक आणि पिरंगुटमध्ये अडकलात तर तीन. सुरुवातीला मोकळवन आहे, कुंडलिकेची दरी एकदम पायाखाली उघडते, तिथेच लोक फोटो काढण्यात अर्धा पाऊण तास घालवतात आणि तोच पाऊण तास संध्याकाळी कमी पडतो.

मग जंगल. नाव उगाच अंधारबन पडलेलं नाही. एका अंगाला डोंगराची भिंत, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधून आडवी जाणारी वाट, वर पानांचं छत इतकं दाट की ढग असले तर भर दुपारी बारा वाजता संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, मधेच करवंदीच्या जाळ्या, कारवी. चढ फारसा नाही, त्यामुळे लोक सोपा ट्रेक म्हणून सांगतात आणि तिथेच चूक होते, कारण वाट सोपी असली तरी ती सतत ओली आहे, मुळं पायात येतात, बेसॉल्टवर शेवाळ धरलेलं असतं आणि दरीकडची बाजू झाडोऱ्याने झाकलेली असल्यामुळे दिसतच नाही की पाऊल चुकलं तर खाली किती आहे.

मोठे म्हणावेत असे ओढे तीन-चार, बारीकसारीक तर मोजायचेच नाहीत. प्रत्येक ओढा वरच्या पठारावरून उतरतो, वाट कापतो आणि पुढे थेट दरीत पडतो, म्हणजे तुम्ही जिथे ओलांडता तिथून काही पावलांवर धबधब्याचं तोंड असू शकतं. हे एक वाक्य तिघांनीही लक्षात ठेवा. सपाटीवरच्या ओढ्यात पाय घसरला तर माणूस भिजतो, इथे घसरला तर दरीत जातो.

जंगल संपलं की हिर्डी, दहा-वीस घरं, देऊळ, मोकळं माळरान. इथपर्यंत रमतगमत साडेतीन-चार तास. हिर्डीतून खाली भिरा धरणाच्या पाण्यापर्यंत उतरण, ती दगडांची आहे आणि लांबलचक आहे. सगळं मिळून तेरा-चौदा किलोमीटर. पाच तास म्हणणारे धावत गेलेले असतात, बाबांबरोबर सात तास धरून चला आणि एक तास वर ठेवा.

ग्रुपचं म्हणशील तर शनिवार-रविवारी पन्नास-साठ जणांना एका दमात नेणाऱ्या ग्रुपबरोबर बाबांना नेऊ नकोस. मागचा माणूस पुढच्याला धक्के देत असतो आणि ओढ्यापाशी रांग लागते, त्या रांगेत उभं राहिलं की माणूस स्वतःचा विचार करत नाही, पुढचा गेला म्हणून आपणही जातो. त्यापेक्षा पिंपरीत गावातला माहितगार माणूस सोबत घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याकडे चौकशी करा, कारण जोरदार पावसात ही वाट बंद ठेवतात आणि तशी सूचना ऐनवेळी येते.

ट्रेकर_रोहन (८ जुलै)

आम्ही मागच्या वर्षी जुलैमध्येच केलं होतं, सहा मित्र, धो धो पाऊस होता, काही नाही झालं, उलट पावसाशिवाय अंधारबन म्हणजे मजाच नाही. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं, एकमेकांचे हात धरून गेलो. काका पर्वती चढतात ना रोज, मग जमेल. बिनधास्त जा, एवढा विचार करत बसलं तर कधीच जाणं होत नाही.

कुंडलिकाकाठ (९ जुलै)

रोहन, तुझ्यावर राग नाही पण हे वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

माझं आजोळ पाटणूसच्या बाजूचं, भिऱ्याच्या खाली. लहानपणी आम्हाला पावसाळ्यात ओढ्याकडे जायचं नाही अशी ताकीद असायची आणि आजी कारण सांगायची की पाणी माणसाला विचारून वाढत नाही. तेव्हा वाटायचं घाबरवतात. मोठा झाल्यावर एकदा स्वतः पाहिलं.

ऑगस्ट होता, मामाबरोबर हिर्डीच्या बाजूने खाली येत होतो. आमच्या मागून बारा-तेरा पोरं येत होती, त्यांचा म्होरक्या चांगला होता, शिकलेला होता, दोरी पण होती त्याच्याकडे. आमच्याकडे पाऊस नव्हता, चक्क ऊन पडलं होतं मधूनच. ओढ्याला पोटरीएवढं पाणी होतं, नितळ, खालचे गोटे दिसत होते. मामा काठावर उभा राहिला आणि ओलांडेना. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला आवाज ऐक. मला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. मग त्याने बोट दाखवलं, पाण्यातून हिरवी पानं येत होती, सुकलेली नाहीत, ताजी तुटलेली. मग बारीक काटक्या. मग पाणी चहासारखं झालं. हे सगळं व्हायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. तोपर्यंत त्या ग्रुपमधले पाच जण पलीकडे गेले होते, बाकीचे अलीकडे, आणि मधे ओढा असा आला की ज्या दगडावर पाय देऊन ते गेले तो दगडच दिसेना. मधला एक मुलगा मागे फिरला म्हणून वाचला, पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं होतं आणि मामाने काठी पुढे करून त्याला ओढला. त्याचे हात इतके थरथरत होते की बाटलीचं झाकण त्याला उघडता येईना, मी उघडून दिलं.

पलीकडचे पाच जण अडीच तास तिथेच बसले, भिजलेले, थंडीने काकडत. मोबाईलला रेंज नाही, ओरडलं तर पाण्याच्या आवाजात काही पोचत नाही, हातवारे करून सांगत होतो की बसा, येऊ नका. पाऊस वर कुठेतरी पठारावर पडला होता, आमच्या डोक्यावर एक थेंब नाही. हा सगळा कातळ आहे, वर पाणी मुरत नाही, पडलं की सरळ खाली येतं, आणि म्हणूनच जसं वाढतं तसं ओसरतंही. दोन-अडीच तासांनी परत गोटे दिसायला लागले. बसून राहिले म्हणून ते पाच जण घरी गेले, एवढंच.

२०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, एका दगडावर एकमेकांना मिठी मारून उभी होती. हात धरून उभं राहिल्याने पाणी थांबत नाही रे रोहन. तुम्ही सहा जण कमरेएवढ्या पाण्यातून गेलात आणि परत आलात, खूप बरं झालं, पण त्या दिवशी वर पठारावर अर्धा तास जास्त पाऊस पडला असता तर?

आणि त्याच वर्षी २५ जुलैला सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या जवळपास पाऊणपट, एका दिवसात. ज्या दिवशी सिंहगड रोडला एकता नगरीत घरांमध्ये पाणी शिरलं तोच दिवस. सई, तू म्हणतेयस तोच जुलैचा शेवटचा आठवडा आहे हा.

माझं मत विचारशील तर जुलै नको. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा घे. जंगल तेव्हाही तेवढंच हिरवं असतं, ओढे वाहते असतात पण शांत झालेले असतात, दरी स्वच्छ दिसते, आणि बाबांना जे पाहायचंय ते धुक्यात लपत नाही.

सई_पुणे (९ जुलै)

कुंडलिकाकाठ दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. दुपारी बाबांना वाचून दाखवलं, सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, मामा शहाणा माणूस. जुलै रद्द केलाय. भाऊ थोडा नाराज आहे पण दिवाळीच्या आसपास रजा बघतो म्हणालाय.

आता दोन गोष्टी अजून. बाबांचा डावा गुडघा उतरताना कधीतरी दुखतो, रोज नाही, पण सिंहगड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ते जिना आडवे होऊन उतरतात हे मी पाहिलंय. भिऱ्याची उतरण जमेल का. आणि ऑक्टोबर म्हटलं तरी ओढे आहेतच, तर ते ओलांडायची काही रीत असते का. मी यूट्यूबवर पाहिलं तर सगळे दोरी बांधा दोरी बांधा म्हणतात.

मृ_फिजिओ (१० जुलै)

सई, गुडघ्याबद्दल मी सांगते, रोजचं काम आहे माझं. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा जातो, हे जवळजवळ सगळ्यांचं असतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचं वजन तोलून धरतो, तो थकला की सगळा भार सांध्यावर येतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज करणं छान आहे, पण त्या पायऱ्या रुंद आहेत, एकसारख्या आहेत, पाय न बघता पडतो. हिर्डीची उतरण तशी नाही, तिथे प्रत्येक दगडाची उंची वेगळी, आणि तीही चार तास चालून झाल्यावर.

हातात तीन महिने आहेत, भरपूर झाले. बाबांना पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसरा पाय हळूहळू खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, असं दोन्ही पायांनी, भिंतीचा आधार घेऊन, दहा-दहा वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस करू दे. दुखलं तर उंची कमी करायची, दुखणं सहन करून करायचं नाही. सप्टेंबरात एकदा आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढून त्याच वाटेने उतरून बघा. दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरले तर भिरा, आडवे उतरले तर हिर्डीवरून आल्या वाटेने पिंपरीला परत या, त्यात काही कमीपणा नाही, जंगल दोनदा बघायला मिळतं. दोन काठ्या घ्या, एक नाही, दोन, आणि उतरताना त्या थोड्या लांब करून आधी काठी मग पाय.

बीपीची गोळी कोणती आहे ते बघ. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि दिवसभर घाम गाळल्यावर पाणी आणि मीठ कमी पडून चक्कर येऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना विचार की ट्रेकच्या दिवशी गोळी कधी घ्यायची, मनाने बंद करू नका. ओआरएसची पाकिटं ठेव, नुसतं पाणी नको.

घाटवाटा_७८ (१० जुलै)

ओढ्याचं मी सांगतो, दोरीपासूनच सुरू करतो कारण त्यानेच जास्त माणसं फसतात. दोरी कधीही अंगाला बांधायची नाही. वाहत्या पाण्यात माणूस पडला आणि दोरीने अडकला तर पाणी त्याला तिथेच दाबून धरतं, डोकं वर येत नाही. दोरी दोन झाडांना आडवी, जरा खालच्या अंगाला तिरकी लावून हाताने धरायला ठीक आहे, पण ती लावायचीही माहिती हवी. तुम्हा तिघांना तिची गरज पडावी अशी वेळ आली तर समजायचं की आज ओलांडायचं नाही.

बाकी रीत अशी की काठावर पोचलात की लगेच पाय घालायचा नाही, पाच मिनिटं नुसतं बसायचं, पाणी प्यायचं आणि पाण्याकडे बघायचं. एका दगडावर खूण ठेवायची, पाण्याच्या बरोबर वर, मी लहान गोटा ठेवतो. पाच मिनिटांत तो भिजला तर पाणी वाढतंय. मग अरुंद जागा शोधायची नाही, रुंद शोधायची, हे लोकांना उलटं वाटतं, अरुंद म्हणजे पाणी खोल आणि जोरात, रुंद म्हणजे उथळ आणि संथ. खाली धबधब्याचं तोंड कुठे आहे ते आधी बघून घ्यायचं आणि तोंडाजवळून ओलांडायचंच नाही, चार पावलं वर जायचं. पाणी बाबांच्या गुडघ्याच्या वर असेल तर नाही. गुडघ्याच्या खाली असेल पण गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तरीही नाही.

सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलं तर सॅक जाईल, माणूस राहील. बूट काढायचे नाहीत, ओले झाले तर होऊ देत, अनवाणी पाय शेवाळावर टिकत नाही. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे रोवून, एक पाय हलवताना दुसरा पाय आणि काठी पक्की, असं खेकड्यासारखं आडवं सरकायचं. बाबा मधे, भाऊ वरच्या अंगाला, तू खालच्या. पाण्याबाहेरचा चकचकीत काळा दगड दिसला तर त्यावर उडी मारायचा मोह होतो, मारायची नाही, पाण्याखालचा खडबडीत गोटा त्याच्यापेक्षा भरवशाचा.

आणि ओढ्याकाठी आधाराला फांदी धरताना आधी फांदी बघायची. चापडा साप असतो या जंगलात, हिरवागार, पानांत मिसळून निवांत बसलेला, हाताच्या उंचीवर. तो आपणहून अंगावर येत नाही, पण त्याच्यावर हात पडला तर चावणारच.

अजून एक, बाबांच्या त्या जुन्या बुटांबद्दल. पंचवीस वर्षं माळ्यावर राहिलेल्या बुटांचा तळ कितीही पुसला तरी टिकत नाही, आतल्या आत कुजलेला असतो आणि चालायला लागलं की तासाभरात सोल सुटतो. माझ्या डोळ्यांदेखत दोघांचे सुटलेत. नवीन घे, फार महाग नकोत, साधे रबरी खाचांच्या तळाचे ट्रेकिंगचे बूट चालतील, पण दोन महिने आधी घे आणि पर्वतीला तेच घालू दे.

ट्रेकर_रोहन (१० जुलै)

कुंडलिकाकाठ, तुम्ही लिहिलेलं आमच्या ग्रुपवर टाकलं. आम्हाला त्या दिवशी पानं, काटक्या असलं काही बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. सई, माझं वरचं बिनधास्त जा मागे घेतो. खोडत नाही, तसंच राहू दे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला खालचं पण वाचावं लागेल.

कुंडलिकाकाठ (११ जुलै)

रोहन, मनापासून आभार. असं लिहायला मोठं मन लागतं.

सई, भिऱ्याला उतरलात तर गाडीचं आधी ठरवा. पिंपरीत गाडी ठेवून भिऱ्याला उतरलं तर परत पाटणूस, विळे, ताम्हिणी घाट चढून निव्याला यायला तासाहून जास्त लागतो, आणि एसटी मिळेलच असं धरून बसू नका. ड्रायव्हर असलेली गाडी करा, तो तुम्हाला पिंपरीत सोडून खाली येऊन थांबेल. भिऱ्यात रेंज येईल तेव्हा येईल, त्यामुळे त्याला वेळ आणि जागा तोंडी पक्की सांगून ठेवा.

आणि खाली उतरल्यावर सगळे दमलेले असतात, समोर पाणी दिसतं, पाय बुडवावेसे वाटतात. तिथे धरणाच्या पाण्यात किंवा खालच्या नदीत उतरू नका. मुळशीचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या पॉवरहाऊसला येतं, १९२७ पासून, आणि वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात, कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. म्हणजे नदी भर उन्हाळ्यातही पाऊस नसताना वाढते. माझे पणजोबा सांगायचे की वर मुळशीला धरणासाठी गावं उठवली तेव्हा सेनापती बापटांबरोबर लोक सत्याग्रहाला बसले होते, १९२१ सालची गोष्ट, आणि ते पाणी शेवटी आमच्या दारावरून गेलं. त्यामुळे या नदीबद्दल आमच्या घरात नेहमीच जरा दबून बोलतात.

हिर्डीत जेवण सांगून ठेवा, पिंपरीतला माणूस निरोप पोचवतो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल. शनिवार-रविवारी एवढी माणसं तिथून जातात आणि मागे चिप्सची पाकिटं सोडून काही ठेवत नाहीत. तुमचा कचरा तर आणाच, पण एक रिकामी गोणी न्या आणि वाटेत दिसेल तेवढा उचला, बाबांना आवडेल हे काम असं मला उगाच वाटतंय.

सई_पुणे (२८ ऑक्टोबर)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. शनिवारी करून आलो!

साडेसातला पिंपरीतून निघालो, गावातले एक दादा सोबत होते. वनखात्याच्या माणसाने नावं लिहून घेतली, फी घेतली आणि संध्याकाळी खाली पोचल्यावर कळवायला सांगितलं. पुढे जाणाऱ्यांसाठी पाण्याचं सांगते, पहिल्या दोन ओढ्यांना घोट्यापर्यंत पाणी होतं, तिसऱ्याला नडगीच्या मध्यापर्यंत, नितळ, तळ दिसत होता. तरीही बाबांनी आम्हाला प्रत्येक ओढ्याला पाच मिनिटं बसवलं. स्वतः गोटा ठेवायचे, घड्याळ बघायचे, आणि मग उठायचे. तिसऱ्या ओढ्यात मधोमध गेल्यावर थांबले, मला वाटलं गुडघा दुखतोय, मी घाबरून हात पुढे केला तर ते खाली वाकून पाण्यात बघत होते, दगडाला चिकटलेला एवढासा मासा होता, पाणी त्याच्या अंगावरून सुसाट जात होतं आणि तो हलत नव्हता. बाबा म्हणाले, बघ, त्याने पकड सोडली नाही. दादा म्हणाले काका आधी पलीकडे चला, मासा नंतर.

जंगलात दोनदा शेकरू दिसलं, एक तर डोक्यावरच्या फांदीवरून या झाडावरून त्या झाडावर गेलं, शेपूट केवढी ती! चापडा दिसला नाही, पण प्रत्येक फांदी बघूनच धरली. ऊन होतं तरी आत गारवा, आणि दीड तास आम्ही तिघं एकमेकांशी बोललोच नाही, गरजच वाटली नाही. गोणी अर्धी भरली. बिस्किटाच्या आणि चिप्सच्या पाकिटांनीच बहुतेक.

भिऱ्याला उतरलो. मृ ताई, सिंहगडची परीक्षा सप्टेंबरात सरळ जिना उतरून पास झाली होती. उतरणीला दोन तास चाळीस मिनिटं लागली, दर अर्ध्या तासाला बसलो, शेवटचा टप्पा बाबा अगदी हळू आले पण दुसऱ्या दिवशी आडवे झाले नाहीत. बूट नवेच घेतले होते. सोल सुटला तो भावाचा, त्याने कॉलेजमधले जुने बूट घातले होते आणि घाटवाटा काकांचं वाचलंच नव्हतं. हिर्डीत सुतळी मिळाली, ती गुंडाळून खाली आला. सव्वापाचला गाडीपाशी होतो, सहानंतर अंधारच पडतो आता, त्यामुळे तो वर ठेवलेला तास कामी आला.

एक मदत हवी आहे. हिर्डीत ज्या आजींकडे जेवलो त्यांचा आणि बाबांचा चुलीपाशी बसून बोलताना फोटो काढला. आजी म्हणाल्या, फोटो सगळे काढतात, देत कुणीच नाही. मी त्याची मोठी प्रिंट काढून प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलीय. इथलं कुणी नोव्हेंबरात अंधारबनला जाणार आहे का? देवळाच्या मागचं निळ्या दाराचं घर.

ट्रेकर_रोहन (२८ ऑक्टोबर)

मी जातोय, १५ तारखेला, चौघं आहोत. कोथरूडला येऊन प्रिंट घेऊन जातो. जेवणाचं पण त्याच आजींकडे सांगतो.